खाली चूल, वर धाबं

“जरा डावीकडे सरा. पाय वरणात पडीन तुमचा.”

पितांबर एका पायावर थांबला. स्वयंपाकघरात धूर असा दाटला होता की त्याला आपलाच दुसरा पाय दिसेना, मग वरण कुठलं दिसायला!

“तू कोठी हायेस?”

“खोकला आयकू येते ना? तिकडे या.”

झुंबरबाई खोकली. आंधळ्यानं काठीच्या आधारानं चालावं तसा पितांबर त्या खोकल्याच्या आधारानं पाटापर्यंत पोचला, बसला आणि त्यानं हात पुढे केला. हातावर भाकरी आली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर एवढं जमतंच.

फैजपूरच्या अलीकडच्या त्या गावात पितांबरच्या घरच्या धुराच्या गोष्टी पारावर रंगायच्या. त्यांनी पांढरं मांजर पाळलं, ते आठवड्यात काळं झालं, आणि शेजारचं समजून झुंबरबाईनंच त्याला हुसकलं, असं म्हणत. एकदा चोर शिरला, त्याला बाहेरची वाट सापडेना, बिचारा उजाडेपर्यंत कोपऱ्यात खोकत बसला. शेवटी झुंबरबाईनं त्याला पाणी पाजलं आणि हाताला धरून दारापर्यंत पोचवलं. यातलं मांजराचं खोटं असेल. चोराचं मात्र खरं मानायला हवं, कारण तो पुढे दर दिवाळीला फराळाला येत असे.

लोक हसत. झुंबरबाईला हसू येत नसे, खोकला येई. तिच्या पापण्या कायम सुजलेल्या असत आणि अलीकडे तिला देवापुढच्या एका दिव्याच्या दोन वाती दिसू लागल्या होत्या. फैजपूरच्या वैद्यानं तिच्या पापण्या उलटून पाहिल्या आणि औषधाची पुडी बांधता बांधता हात थांबवला.

“बाई, हे घालून उपयोग नाही. डोळ्यांत एक थेंब जाईल आणि घरी गेलात की घागरभर धूर. आधी धुराला वाट करा. नाहीतर पुढच्या आखाजीच्या सणाला मांडे चाचपत लाटाल.”

धुराला वाट होती. तीच तर खरी गंमत होती.

त्या भागातली घरं धाब्याची. आडव्या लाकडी सरांवर काड्या अंथरायच्या, वर खाऱ्या मातीचा थर द्यायचा, की झालं सपाट छप्पर. उन्हाळ्यात त्यावर झोपायचं, धान्य वाळवायचं. चुलीच्या बरोबर वर धाब्याला वीतभर भोक ठेवायचं, त्याला म्हणायचं साणं. त्यातून धूर वर जातो आणि उजेड खाली येतो. पितांबरच्या बापानंही असंच साणं ठेवलं होतं. पण बाप गेला, आणि पितांबर आणि त्याचा धाकटा भाऊ अभिमन यांचं बिनसलं. कशावरून, ते पुढे दोघांनाही सांगता येईना, म्हणून ते मिटेनाही. घराची वाटणी झाली. पितांबर थोरला, त्यानं हट्टानं चूल आणि देवघर मागून घेतलं. ज्याच्याकडे चूल, घर त्याचं, असं त्याचं म्हणणं. अभिमननं जिन्याची बाजू घेतली. आणि जिना ज्याचा, धाबं त्याचं.

“घे, घे,” पितांबर त्या दिवशी मिशीला पीळ देत म्हणाला होता, “धाबं काय भाकरीसंगं खायचं हाये?”

अभिमननं दुसऱ्या दिवशी आपली खाट धाब्यावर नेली, ती नेमकी साण्याच्या शेजारी. तिसऱ्या दिवशी धुरानं त्याचं पांढरं पागोटं पिवळं पडलं. चौथ्या दिवशी त्यानं फुटक्या जात्याची तळी चौघांकडून वर नेववली आणि साण्यावर ठेवून दिली. पितांबर खालून ओरडला, तर वरून उत्तर आलं, “खाली तुह्यं, वर माह्यं. धूर तुह्या हाये ना? मंग घरात ठेव.”

भिंतीला खिडकी पाडावी, तर स्वयंपाकघर मधल्या खणात. तिन्ही बाजूंना दुसऱ्यांची घरं खेटून. चूल पुढच्या ओट्यावर न्यावी, असं झुंबरबाईनं एकदा सुचवून पाहिलं. पितांबर म्हणाला, “माह्यी बायको रस्त्यावर भाकरी थापीन? मंग मी कोठी तोंड दाखवू?” त्याचं तोंड तिला तसंही घरात दिसत नव्हतंच.

कपाशीच्या ओल्या पऱ्हाट्या चुलीत धुमसत राहिल्या. धूर घरभर फिरून, दमून, शेवटी पुढच्या दारानं बाहेर पडे.

मग एका दुपारी नवल झालं. झुंबरबाई तव्यावर भाकरी टाकत होती. वर खरखर वाजलं आणि तिच्या डोक्यावरून धूर असा उठला, जसा पाहुणा गाडीची वेळ झाली म्हणून उठतो. सरळ वर गेला. तिच्या परातीत उजेडाची एक थाळी येऊन पडली.

झुंबरबाईनं हात जोडले. “देवा, पावला रे बाप्पा.”

“देव कशाना पावस अक्का, मी मुसळ लायीसन दगड सरकाडा,” वरून आवाज आला. “मना कंबरडा मोडना!”

अभिमनची बायको, ताईबाई. पार पिंपळनेरकडची, म्हणून तिचं बोलणं वेगळं. लग्न होऊन आली तेव्हापासून गावातल्या बाया तिच्या ‘आहे’ऐवजी येणाऱ्या ‘शे’ला हसत. विहिरीवर दोघी जावा रोज भेटत, पण नवऱ्यांचं वैर म्हणजे बायकांनी माना फिरवायच्या, असा रिवाज. आणि दोघींनी तो इतका पाळला होता की माना आपोआप फिरत.

“ताई, तू?” झुंबरबाई दबक्या आवाजात म्हणाली. “तुह्या मालकाले कयलं तं?”

“त्या वावरमा गयात. दिन बुडाले येतीन. तवलोक मी परत लायी देसू.”

“पन तू कायले हा खटाटोप करते?”

वर मुसळ बाजूला ठेवल्याचा आवाज झाला. मग ताईबाई म्हणाली, “तुमना खोकला माले दुपारले झोपू देत नही, अक्का. मना स्वार्थ शे.”

झुंबरबाई हसली. हसताना खोकला आला नाही, याचं तिलाच आश्चर्य वाटलं.

तेव्हापासून तसंच चालू राहिलं. पितांबर पारावर गेला आणि अभिमन बैल घेऊन वेशीबाहेर पडला की वर खरखर वाजे. धूर जाई, आणि धुराच्या वाटेनं बोलणं सुरू होई. खाली भाकऱ्या थापल्या जात, वर ताईबाई कधी डाळ निवडे, कधी नुसतीच बसे.

“आज काय रांधेल शे?”

“वांग्याचं भरीत.”

“मिरची किती लायी?”

“तुह्या माहेरी लावता तितकी नही. आमाले जिवंत राह्याचं हाये.”

“आमनाकडे मिरची खातस म्हनीसन मानसं सरळ बोलतस. तुमनाकडे केळं खातस, म्हनीसन बठ्ठं गोड गोड, अन् पोटमा वाकडं!”

“आमच्या केळाले नावं ठेवशीन तं साणं लावून घे तुह्यं!”

“मनं कोठे? धाबं त्यास्नं शे. तोंड तेवढं मनं शे.”

अशा गप्पा. दोरीला बांधून वरून कोथिंबिरीची जुडी खाली यायची, खालून वाटीभर भरीत वर जायचं. एकदा वाटी साण्यातच अडकली, तेव्हा दोघींना इतकं हसू लोटलं की झुंबरबाईच्या दोन भाकरी जळाल्या. पितांबरनं त्या मुकाट्यानं खाल्ल्या; धुरात वाढलेल्या माणसाला जळकी भाकरी घरचीच वाटते. ताईबाईला मूल नव्हतं, हे तिनं झुंबरबाईला कधी सांगितलं नाही आणि झुंबरबाईनं कधी विचारलं नाही. पण एका उन्हाळ्यात ताईबाई कितीतरी दिवस काहीच बोलली नाही, नुसती साण्याशी येऊन बसत होती, आणि खालून झुंबरबाई एकटीच बडबडत राहिली: बैलाचं शिंग, म्हशीचा आटलेला पान्हा, शेजारच्या भिकुबाईच्या सुनेचं डोहाळजेवण, जे सुचेल ते. शेवटी एके दिवशी वरून आवाज आला, “अक्का, म्हैसले सरकी चारा,” आणि पुन्हा सगळं सुरू झालं.

विहिरीवर मात्र माना फिरलेल्याच.

डोळ्यांना उतार पडला. देवापुढच्या वाती दोनाच्या पुन्हा एक झाल्या. पण दुपारीच धुराला वाट मिळे, म्हणून अलीकडे झुंबरबाई दोन्ही वेळचं दुपारीच रांधून ठेवू लागली. संध्याकाळी चूल थंड. ही एवढीशी सोय, आणि तिनंच घात केला.

गावात संध्याकाळी ज्याच्या घरून धूर निघत नाही, त्याच्या घरी काहीतरी बिघडलंय असं समजतात. पितांबरच्या पुढच्या दारातून वर्षानुवर्षं संध्याकाळी धूर निघायचा. गाई त्या धुराच्या अंदाजानं घरी वळत, असंही म्हणत. तो निघेनासा झाला. पारावर झुलाल नावाचा एक चावट माणूस बसायचा. त्यानं सगळ्यांदेखत विचारलं, “नाना, तुमच्या घरी संध्याकायी चूल पेटत नही म्हने. एकादशी धरली, का वहिनी माहेरी गेल्या?”

पितांबर तडक घरी आला.

“चूल पेटव.”

“भाकरी झाकेल हायेत. दुपारची भाकर गोड लागत नही का?”

“भाकरीचं कोन बोलते? मी नावाचं बोलून राह्यलो. लोक म्हनता, पितांबरच्या घरी एकवेळचंच रांधता. पेटव.”

खरं कारण सांगायचं तर ताईबाईचं नाव घ्यावं लागणार. झुंबरबाईनं पऱ्हाट्या ओढल्या आणि चूल पेटवली. वर साणं बंद. अभिमन वावरातून येऊन खाटेवर आडवा झालेला. धूर उठला, छताला लागला, परतला. कितीतरी दिवसांनी भेटलेल्या सावकारासारखा तो तिच्या छातीवर बसला. ती खोकू लागली. थांबेल म्हणून तिनं भाकरी थापायला घेतली, थांबेना. पितांबर पुढच्या खोलीतून “पानी पी, पानी” म्हणाला. पाणी कुठे आहे ते दिसेना.

वर पावलं वाजली.

“कोठी चालली?” अभिमनचा आवाज.

मुसळ दगडाला लागल्याचा आवाज.

“ए, काय करून राह्यली तू?”

“दगड काढी ऱ्हायनू. दखास नही का?”

“मी ठेवेल दगड व्हय तो!”

“तुम्ही ठेवा. मी काढस. रोज काढस.”

खरखर झाली. धूर उठून वर गेला आणि साण्यात संध्याकाळचं आभाळ दिसलं, त्यात अभिमनचं डोकं. तो वाकून खाली पाहत होता. इतक्या वर्षांत त्यानं ही चूल वरून कधी पाहिली नव्हती. झुंबरबाईनं पदर पुढे ओढला, पण खोकला पदरात मावेना. अभिमन बराच वेळ तसाच वाकलेला राहिला. मग त्यानं डोकं मागे घेतलं.

“रोज?” त्यानं वर बायकोला विचारलं.

“रोज.”

त्या रात्री दगड पुन्हा ठेवला गेला नाही.

सकाळी अभिमन पारावर सुकदेवआबांपुढे जाऊन बसला. सुकदेवआबा गावातले सगळे तंटे मिटवायचे. पितांबरलाही बोलावणं गेलं. तो पागोटं बांधून, भांडणाच्या तयारीनं आला.

“आबा,” पितांबर बसायच्या आधीच सुरू झाला, “साणं बापानं ठेवेल. धूर माह्या, तं धुराची वाटही माह्यी.”

“मी बांधाचे तंटे तोडले, पाण्याच्या पाळीचे तोडले,” सुकदेवआबा म्हणाले. “पन धुराले बांध कोठी घालू, ते मले कोनी सांगा.”

“घालू नका,” अभिमन म्हणाला. तो खाली मातीकडे पाहत होता. “धाबं त्याले देऊन टाका. जिनाही देऊन टाका. यावलच्या रस्त्याले माह्या मया हाये, तठी घर बांधतो.”

पितांबरनं तोंड उघडलं, पण तयार केलेलं भांडण वाया गेलं होतं.

“रागावून चालला का रे?” आबांनी विचारलं.

“राग कोनाचा धरू? माह्या घरात माह्यी बायकोच त्यांच्याकून. अन् खरं सांगू का आबा, मले काल समजलं, की ती बरोबर हाये. आता मी त्या खाटेवर कसा झोपू?”

पितांबर जिंकला. गावभर तसंच म्हणाले. पितांबर मात्र घरी येऊन, कोणी विचारलं नसताना, “मी त्याले जा म्हनलो नही,” असं दोनदा म्हणाला.

मळ्यातलं घर उभं राहीपर्यंत दगड साण्यावर गेला नाही. दोघी दुपारी बोलत, पण बोलणं अडखळू लागलं होतं.

“आते चूल मोकळी व्हई तुमनी,” ताईबाई वरून म्हणाली. “संध्याकायी बी पेटाडा.”

“पेटवीन.”

“मयामा मनी चूल भाईर शे. केळीसना बुडे. धूर तठे कोठे ऱ्हास!”

“मंग तुले बरंच झालं.”

“हां. बरंच व्हयनं.”

दोघींपैकी कोणालाच बरं वाटलेलं नव्हतं.

निघायच्या दिवशी गाडी दारात लागली. ताईबाई जिना उतरून खाली आली आणि झुंबरबाईनं तिची ओटी भरली: तांदूळ, नारळ, खण. सगळी गल्ली बघायला जमलेली. झुलालही होता. इतकी वर्षं घडाघडा बोललेल्या दोन बाया समोरासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांना बोलताच येईना. झुंबरबाईला ताईबाईची हनुवटी ओळखीची होती, खालून दिसायची तेवढी. तिचं कपाळ इतकं रुंद आहे हे तिनं आज पाहिलं. ताईबाई तिच्या डोक्यावरच्या पदराकडे पाहत राहिली. रोज तेवढंच तिला वरून दिसत असे.

“सांभायून जाय,” झुंबरबाई म्हणाली.

“हां,” ताईबाई म्हणाली आणि गाडीत चढली.

पुढे पितांबरनं साण्यावर बूड काढलेलं मडकं बसवलं, धाब्यावरून वाहत येणारं पावसाचं पाणी आत उतरू नये म्हणून. ते बसवताना सगळ्या गल्लीला बोलावून घेतलं. भिंती पांढऱ्या मातीनं सारवल्या. लोक स्वयंपाकघर बघायला येत आणि “नाना, अठी वरनात पाय पडत नही आता,” असं म्हणून जात. झुंबरबाईचा खोकला सरला. आणि उजेडात पहिल्यांदाच तिच्या लक्षात आलं की पितांबर डोळे मिटून जेवतो. धुरात पडलेली सवय. तिनं सांगितलं, “उघडा आता,” तर तो डोळे उघडून चावायलाच विसरला.

दुपारी चूल पेटवली की धूर सरळ वर जाई. मागोमाग तिचं बोलणंही वर जाई, कधी एखादाच शब्द, “आज मेथी केली” एवढाच, आणि मग ती स्वतःशीच गप्प होई.

शिकायला मामाकडे राहिलेला पितांबरचा मुलगा परत आला आणि आखाजीच्या आधी त्याचं लग्न झालं. सून आली, सुनंदा. चुलीजवळ बसली की मान खाली, तोंडातून शब्द नाही. विचारलं तर “हो” आणि “नही”. झुंबरबाईला वाटे, आपल्याही सासूला आपण अशाच वाटलो असू.

उन्हं तापली आणि बिबड्या करायचे दिवस आले. ज्वारीचे हे पापड वाळवायला धाबंच लागतं. वाटणी झाल्यापासून झुंबरबाई त्या जिन्याची पायरी चढली नव्हती. चूल सुनेवर सोपवून, डोक्यावर पाटी आणि काखेत धोतर घेऊन ती हळूहळू वर गेली. धोतर अंथरून त्यावर तिनं बिबड्या टाकल्या. गाव केवढं दिसत होतं. लांबवर केळीच्या बागांचा हिरवा पट्टा होता आणि त्याच्या मागे सातपुडा, उन्हात विटलेला.

साण्याच्या कडेला, मडक्याच्या शेजारी, खारी माती एका जागी चापून गुळगुळीत झाली होती. बसून बसून झालेला खळगा. बाकी सगळ्या धाब्याला भेगा होत्या. तेवढ्या जागेला एकही भेग नव्हती.

झुंबरबाई तिथे बसली. तिला फक्त बघायचं होतं, खालचं वरून कसं दिसतं ते. तिनं मडकं उचलून बाजूला ठेवलं आणि वाकली. खाली आपली चूल, एवढीशी. तव्यावर भाकरी. सुनेच्या डोक्यावरचा नवा पदर.

आणि धूर. सगळाच्या सगळा धूर तिच्या तोंडावर आला. डोळ्यांत शिरला, नाकात गेला, घशात बसला. इथे बसायचं तर दुसरीकडे तोंड करता येत नव्हतं. दुसरीकडे तोंड केलं की खालचं ऐकू येत नव्हतं.

ती खोकली. हा खोकला आपला नव्हे, ताईनं इथे गिळलेला, असं तिला वाटलं.

कितीतरी वेळ ती तशीच वाकून राहिली. गालांवरून पाणी घरंगळत होतं, ते तिनं पुसलं नाही.

“आत्याबाई?” खालून सुनंदाचा बिचकलेला आवाज आला. या घरात तिनं आपणहून काढलेला तो पहिला शब्द. “कोठी हायेत तुम्ही?”

मागे सरकायला धाबं मोकळं होतं. झुंबरबाई मागे सरली नाही. तिनं तोंड साण्याच्या आणखी जवळ नेलं.

“अठीच हाये वं माय. भाकर उलटव, करपते. अन् गप नको राहू. बोलत राह्य.”